जोहोरचा सुलतान अबू बकर

आशिया खंडाचा नकाशा उघडून ब्रह्मदेश व थायलंड या देशांच्या खालीं दृष्टि नेली, तर समुद्रांत दूरवर शिरलेली जमिनीची एक लांब पट्टी दिसते. हाच मलाया द्वीपकल्प होय. त्याच्या अगदीं दक्षिण टोंकाला जोहोर नांवाचें राज्य आहे. आणि त्याच्यापुढें एक अरुंद सामुद्रधुनी ओलांडली कीं, सिंगापूरचें बेट लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या द्वीपकल्पांतील कित्येक मलायी राजांचा कारभार एकामागून एक इंग्रज रेसिडेंटांच्या हातीं गेला. पण चमत्कार असा कीं, जोहोरचें जें राज्य इंग्रजांच्या ठाण्याला सर्वांत जवळ, तेंच त्या काळांत त्यांच्या हातीं पुरतें लागलें नाहीं. त्या राज्यापाशीं मोठें सैन्य नव्हतें, आरमार नव्हतें. मग तें टिकलें कशाच्या बळावर? या प्रश्नाचें उत्तर सुलतान अबू बकर याच्या चरित्रांत सांपडतें. आणि त्या चरित्राचा आरंभ एका लहानशा मिशन शाळेंत होतो, म्हणून तें आपल्या शाळेच्या वार्षिकांत सांगणें उचित होईल.

अबू बकर याचा जन्म ता. ३ फेब्रुवारी १८३३ रोजीं सिंगापूर बेटावरील तेलोक ब्लांगा या वस्तींत झाला. त्याचें घराणें मूळ राजाचें नव्हे, तर राजाच्या सरदाराचें होतें. जुन्या जोहोर-रिआऊ राज्यांत ‘तेमेंगोंग’ या नांवाचा एक मोठा अधिकारी असे. बाजाराचा व बंदराचा बंदोबस्त ठेवणें हें त्याचें काम. अबू बकर याचा आजा अब्दुल रहमान हा या अधिकारावर असतां, सन १८१९ मध्यें स्टॅम्फर्ड रॅफल्स सिंगापुरास उतरला, आणि त्यानें तेमेंगोंग व सुलतान हुसेन या दोघांशीं करार करून तेथें ईस्ट इंडिया कंपनीची वखार घातली. त्या करारानें सुलतानास वर्षाला ५,००० व तेमेंगोंगास ३,००० डॉलर मिळावे असें ठरलें. पुढें १८२४ मध्यें दुसरा करार होऊन सगळें बेटच कंपनीच्या मालकीचें झालें. राजा व सरदार हे दोघेही आपल्याच भूमीवर परक्यांचे पेन्शनर होऊन बसले.

अबू बकर याचा बाप इब्राहीम हा मात्र हिकमती पुरुष होता. जोहोरच्या अरण्यांत गटापर्चाचीं झाडें विपुल होतीं. समुद्रांतून न्यावयाच्या तारायंत्राच्या तारांवर लेप देण्यास या झाडाचा चीक लागूं लागला, तेव्हां त्याचा व्यापार आपल्या हातीं घेऊन इब्राहीम धनवान् झाला. इकडे सुलतान हुसेनचा मुलगा अली हा पैशाच्या विवंचनेंत होता. अखेर १८५५ च्या मार्च महिन्यांत इंग्रजांच्या मध्यस्थीनें असा तह झाला कीं, अलीनें सुलतान ही पदवी व मुआर नदीलगतचा थोडासा मुलूख आपणांकडे ठेवावा, आणि बाकीच्या जोहोरवरील सर्व सत्ता इब्राहीमला द्यावी. त्याबद्दल अलीला ५,००० डॉलर एकवार व दरमहा ५०० डॉलर मिळावे. अशा रीतीनें सरदाराच्या घरीं राज्य आलें. पण राजा हें नांव आलें नाहीं. ही उणीव लक्षांत ठेविली पाहिजे, कारण ती भरून काढण्यांत अबू बकर याच्या आयुष्याचीं पुढील तीस वर्षें गेलीं.

इब्राहीमनें आपल्या मुलास रेव्हरंड बेंजामिन कीझबेरी यांच्या शाळेंत घातलें. कीझबेरी यांचा जन्म १८०५ मध्यें आपल्या हिंदुस्थानांतच, हैदराबाद येथें झाला होता. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें ते सिंगापुरास काम करीत. मलायी भाषेचे प्रख्यात लेखक मुन्शी अब्दुल्ला यांच्या साहाय्यानें त्यांनीं त्या भाषेचा अभ्यास केला. आणि मुन्शींचें आत्मचरित्र १८४९ मध्यें त्यांच्याच छापखान्यांत शिळाप्रेसवर छापून निघालें. चीनचीं बंदरें खुलीं झाल्यावर सोसायटीनें आपलें सिंगापुरांतील काम आटोपून सर्व माणसें तिकडे हलविण्याचें ठरविलें. परंतु मलायी मुलांना सोडून जाणें कीझबेरी यांच्या जिवावर आलें. त्यांनीं सोसायटीची नोकरी सोडली, छापखान्यावर उदरनिर्वाह चालविला आणि शाळा पुढें चालू ठेविली. १८७५ मध्यें प्रार्थनामंदिरांत उपदेश करीत असतांनाच त्यांचें देहावसान झालें.

अशा गुरूपाशीं अबू बकर इंग्रजी भाषा शिकला. राज्यकर्त्यांची भाषा येणें ही आज साधी गोष्ट वाटते. परंतु त्या काळच्या मलायी राजांना इंग्रज गव्हर्नराशीं बोलावयाचें तर मध्यें दुभाषी लागे, आणि तहाच्या कागदावर काय लिहिलें आहे हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकून शिक्का उठवावा लागे. अबू बकर याला तहनामे स्वतः वाचतां येत, पत्रव्यवहारांतील बारकावे कळत आणि समोरच्याच्या बोलण्यांतील अनुच्चारित भागही उमगे. त्यानें आपला धर्म सोडला नाहीं. तो अखेरपर्यंत मुसलमान राहिला. शाळेनें त्याला दिली ती विद्या, आणि परक्या माणसाशीं बरोबरीच्या नात्यानें वागण्याचा आत्मविश्वास.

ता. ३१ जानेवारी १८६२ रोजीं इब्राहीम वारला आणि अठ्ठावीस वर्षांच्या अबू बकर याच्या शिरावर राज्याचा भार पडला. राज्य म्हणजे काय, तर बहुतेक निबिड अरण्य, त्यांतून वाहणाऱ्या नद्या आणि समुद्रकाठचीं थोडीं खेडीं. शिवाय राजाचें राहणें सिंगापुरांत, इंग्रजांच्या निशाणाखालीं. दुसऱ्याच्या घरीं राहून आपण स्वतंत्र आहों असें म्हणणाऱ्याचें कोण ऐकणार? हें ओळखून त्यानें सामुद्रधुनीच्या पलीकडे, आपल्या स्वतःच्या भूमीवर, बापानें वसविलेल्या तांजोंग पुतेरी या गांवीं राजधानी नेण्याचें ठरविलें. ‘पुतेरी’ म्हणजे राजकन्या; आपल्या ‘पुत्री’ या शब्दाचीच ती बहीण. मलायी भाषेंत असे संस्कृतोद्भव शब्द पावलोपावलीं भेटतात. भाषेला ते ‘बहासा’ म्हणतात आणि सिंगापूर म्हणजे तर उघडच सिंहपूर. १८६६ मध्यें त्यानें या गांवाला जोहोर बहरू, म्हणजे नवें जोहोर, असें नांव दिलें आणि तेथें समुद्राकडे तोंड करून मोठा राजवाडा बांधला. त्या राजवाड्याची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें त्याचा पुन्हां उल्लेख येणार आहे.

राजधानी झाली, पण उत्पन्न कोठून यावें? गटापर्चाचीं झाडें तर बेसुमार तोडीमुळें संपत आलीं होतीं. अबू बकर यानें बापानें आरंभलेला दुसरा मार्ग अधिक पद्धतशीर केला. चिनी शेतकऱ्यांस नदीकांठची जमीन परवान्यानें देऊन तो त्यांच्याकडून मिरीची व गांबीरची लागवड करवी. गांबीर म्हणजे आपल्या विड्यांतील कातासारखाच एक पदार्थ. कातडीं कमावण्यासाठीं त्यास युरोपांत फार मागणी असे. गांबीरचीं पानें उकळून अर्क काढला कीं, उरलेला चोथा मिरीच्या वेलांस खत म्हणून उपयोगीं पडे. प्रत्येक नदीवर ‘कांगचू’ नांवाचा एक चिनी मुखत्यार नेमलेला असे व त्याच्या हक्कांचा लेखी परवाना सरकारांतून मिळे. १८७३ मध्यें या व्यवस्थेचे कायदेही करण्यांत आले. या दोन पिकांनीं जोहोरचा खजिना भरूं लागला. सगळेच बेत मात्र सिद्धीस गेले असें नाहीं. १८६९ मध्यें त्यानें राजधानीपासून पुलाई डोंगराकडे लांकडी रुळांचा आगगाडीचा रस्ता आरंभिला. परंतु त्या दमट मुलुखांतील वाळवीनें ते लांकडी रूळ खाऊन टाकले आणि तो उद्योग सोडून द्यावा लागला.

ज्या वर्षीं राजधानीला नवें नांव मिळालें, त्याच वर्षीं अबू बकर इंग्लंडला गेला. युरोपला जाणारा तो पहिला मलायी राजा. व्हिक्टोरिया राणीनें त्याची भेट घेतली व त्यास ‘स्टार ऑफ इंडिया’ हा मानाचा किताब दिला. या प्रवासांत त्यानें एक गोष्ट अचूक हेरली. सिंगापूरचा गव्हर्नर जोहोरच्या उंबरठ्यावर बसलेला असला, तरी त्याचाही धनी लंडनला आहे. आणि लंडनच्या दरबारांत ज्याची ओळख व वजन आहे, त्याच्याशीं गव्हर्नरास जपून वागावें लागतें. तेव्हांपासून विलायतेंतील स्नेहसंबंध जोडणें व राखणें हें त्याच्या राज्यनीतीचें एक मुख्य अंग झालें.

त्याच सुमारास पदवीचा प्रश्न पुढें आला. ‘तेमेंगोंग’ हें सरदाराचें नांव त्याला आतां पुरेना. परंतु स्वतःच उठून सुलतान म्हणवून घेतलें असतें, तर इतर मलायी राजे हंसले असते. म्हणून त्यानें आपले विश्वासू अधिकारी रिआऊ येथें पाठविले. तेथें राजा अली हाजी हा मलायी इतिहासाचा थोर पंडित राहत असे. जुन्या वंशावळी व दाखले पाहून आपणांस कोणती पदवी घेतां येईल, हें त्यानें त्याला विचारविलें. त्या विचारविनिमयाअंतीं १८६८ मध्यें त्यानें ‘महाराजा’ ही पदवी धारण केली. शिडीची एक पायरी चढावयाची, तीवर पाय घट्ट रोवावयाचा आणि मगच पुढच्या पायरीकडे पाहावयाचें, हा त्याचा स्वभाव यांत दिसून येतो.

आतां खऱ्या कसोटीचा काळ आला. १८७४ मध्यें पांकोर येथें झालेल्या करारानें पेराकच्या राज्यांत इंग्रज रेसिडेंट आला; त्याच वर्षीं सेलांगोरांतही आला. धर्म व रूढि सोडून बाकी सर्व बाबतींत राजानें रेसिडेंटाचा सल्ला मानलाच पाहिजे, अशी अट होती. म्हणजे नांव राजाचें आणि हुकूम दुसऱ्याचा. १८७५ मध्यें पेराकचा रेसिडेंट बर्च याचा खून झाला. त्याचा परिणाम असा झाला कीं, इंग्रज फौज आली आणि पेराकचा सुलतान अब्दुल्ला यास दूर सेशेल्स बेटांवर हद्दपार करण्यांत आलें. शस्त्र उपसल्यानें काय होतें तें सर्वांस दिसलें.

अबू बकर यानें दुसरा मार्ग धरला. शेजारच्या राज्यांत शिरतांना इंग्रज काय कारण सांगतात, हें त्यानें बारकाईनें पाहिलें होतें. तेथें बंडाळी आहे, न्याय नाहीं, व्यापारी सुरक्षित नाहींत, असें तें कारण असे. तें कारणच आपल्या राज्यांत उरूं द्यावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला. त्यानें कचेऱ्या स्थापिल्या, पोलीस नेमले, न्यायाचीं कोर्टें बसविलीं, शाळा उघडल्या, रस्ते बांधले. हीं कामें करावयास माणसेंही मुख्यतः आपल्यांतूनच उभीं केलीं. मोहम्मद सालेह बिन पेरांग हा कीझबेरी यांच्याच शाळेंतील विद्यार्थी. तो चिनी भाषा शिकला, जमीन मोजणीचें काम शिकला, आणि जोहोरच्या अरण्यांतून फिरून त्यानें राज्याचा नकाशा तयार केला. अब्दुल रहमान अंदाक याचें शिक्षण इंग्लंडमध्यें झालें होतें. इंग्रज अधिकाऱ्यांच्या खलित्यांना त्यांच्याच भाषेंत व त्यांच्याच कायद्याच्या आधारानें उत्तर देणें हें त्याचें काम. जाफर बिन हाजी मोहम्मद हा राज्याचा पहिला मुख्य प्रधान झाला. जुना सुलतान अली १८७७ मध्यें वारल्यावर त्याचा मुआरचा मुलूखही अबू बकर याच्या ताब्यांत आला. मात्र तेथील गादीवर हक्क सांगणाऱ्या पक्षाशीं १८७९ मध्यें त्यास एक लहानशी लढाई करावी लागली.

इतर राजांशीं व सम्राटांशीं बरोबरीनें व्यवहार करण्याची त्याला मोठी हौस होती. आणि त्या हौसेंत धोरणही होतें. १८८१ मध्यें हवाई बेटांचा राजा कालाकौआ जगाच्या प्रवासास निघाला असतां जोहोरास त्याचा पाहुणा झाला. १८८३ मध्यें अबू बकर स्वतः चीन व जपानला गेला आणि जपानचा सम्राट मेइजी यास भेटला. आशियांतील एक राष्ट्र आपलें स्वत्व न सोडतां पाश्चात्त्यांची विद्या कशी आपलीशी करतें, हें त्यास तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. पुढें १८९३ मध्यें तो तुर्कस्थानचा सुलतान अब्दुल हमीद याच्या भेटीस गेला. ज्याला जगांतील राजे राजा म्हणून भेटतात, त्याला मांडलिक ठरविणें कठीण जातें, हें तो जाणून होता.

तथापि सिंगापूरचा गव्हर्नर सर फ्रेडरिक वेल्ड याच्या मनांत जोहोरांतही इंग्रज रेसिडेंट बसवावा असें होतें. हा दाब वाढूं लागला, तेव्हां अबू बकर गव्हर्नराशीं वाद घालीत बसला नाहीं. तो सरळ लंडनला गेला आणि वसाहतखात्याशीं त्यानें स्वतः बोलणें लाविलें. ता. ११ डिसेंबर १८८५ रोजीं तह झाला. त्या तहान्वयें जोहोरचे परराष्ट्रसंबंध इंग्लंडच्या हातीं गेले व एक इंग्रज एजंट ठेवण्यास मान्यता द्यावी लागली. परंतु त्या एजंटास रेसिडेंटाप्रमाणें राज्यकारभारांत हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता. आणि त्याच कागदांत इंग्लंडनें त्यास जोहोर राज्याचा सुलतान म्हणून मान्यता दिली. जें देणें टळत नव्हतें तें त्यानें दिलें. जें राखणें शक्य होतें तें राखलें. १८८६ च्या जुलै महिन्यांत त्याचा राज्याभिषेक झाला. तेमेंगोंगाचा मुलगा महाराजा झाला होता, तो आतां सुलतान झाला. याशिवाय निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांचें एक सल्लागार मंडळ त्यानें लंडन येथें स्थापिलें. त्या मंडळामार्फत जोहोरचें म्हणणें गव्हर्नरास वगळून थेट वरिष्ठांच्या कानीं घालतां येई.

परंतु खरें चरित्र सांगावयाचें तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वारंवारच्या विलायतेच्या वाऱ्या, मेजवान्या व जडजवाहीर यांवर त्याचा अतोनात खर्च होई. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग अफू, दारू व जुगार यांच्या मक्त्यांतून येई. म्हणजे अरण्यांत राबणाऱ्या गरीब चिनी मजुराच्या व्यसनावर राजवाड्यांतील दिवे जळत. लंडनमध्यें तो कधीं कधीं साधें इंग्रजी नांव धारण करून वावरे. त्या वेळीं त्यानें दिलेलें लग्नाचें वचन मोडलें, अशी फिर्याद एका बाईनें त्याच्यावर केली. वसाहतखात्यानें कोर्टास कळविलें कीं, जोहोरचा सुलतान हा स्वतंत्र राजा आहे. आणि स्वतंत्र राजावर इंग्लंडच्या कोर्टांत खटला चालूं शकत नाहीं, असा निकाल झाला. हा निकाल १८९४ च्या कायदे-अहवालांत छापला गेला व पुढें अनेक देशांचे वकील त्याचा दाखला देत आले. त्या बाईच्या तक्रारीची चौकशी मात्र राहूनच गेली. ज्या खटल्यानें राजाच्या वर्तनाकडे बोट दाखविलें, त्यानेंच त्याच्या राज्याचें स्वातंत्र्य शाबीत करावें, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल.

वय झालें, प्रकृति खालावली. आपल्यामागें काय होईल ही चिंता त्यास लागली असली पाहिजे; मुलगा इब्राहीम अवघा एकवीस वर्षांचा. एका माणसाच्या चातुर्यावर उभें असलेलें राज्य त्या माणसाबरोबरच कोसळतें. म्हणून ता. १४ एप्रिल १८९५ रोजीं त्यानें राज्याची लेखी घटना जाहीर केली. मलायी राज्यांतील ही पहिली लेखी राज्यघटना. तींत गादीच्या वारसाचे नियम होते, प्रधानमंडळाचे नियम होते. आणि एक कलम असें होतें कीं, राज्य किंवा त्याचा कोणताही भाग कोणत्याही परक्या सत्तेच्या स्वाधीन करण्याचा अधिकार राजालाही नाहीं. आजवर दुसऱ्यांच्या कागदांशीं झगडत आलेल्या या राजानें अखेरीस आपल्या वंशजांना आपल्या कागदानें बांधून ठेविलें.

त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहींत. विलायतेस गेला असतां ता. ४ जून १८९५ रोजीं लंडन येथें त्याचा अंत झाला. त्याचें शव जहाजानें स्वदेशीं आणून सप्टेंबर महिन्यांत जोहोर बहरू येथें दफन करण्यांत आलें. त्यानें १८९२ मध्यें आरंभलेली भव्य मशीद त्याच्या मागें १९०० मध्यें पुरी झाली; समुद्रकांठच्या टेकडीवर ती त्याच्याच नांवानें उभी आहे.

पुढें काय झालें? १९१४ मध्यें सुलतान इब्राहीम यास इंग्रज ‘जनरल अॅडव्हायझर’ स्वीकारावा लागला आणि बापानें जपलेलें बरेचसें स्वातंत्र्य गेलें. पण गोष्ट तेथें संपत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्यें, इंग्रजांनीं सर्व मलायी राज्यें मोडून त्यांचें एक ‘मलायन युनियन’ करण्याचा घाट घातला आणि म्हाताऱ्या इब्राहीमनें त्यांच्या कागदावर सही केली. तेव्हां जोहोरचे लोक उठले आणि १८९५ ची घटना पुढें करून म्हणूं लागले कीं, असें करण्याचा अधिकार राजाला नाहीं. ज्या चळवळीनें तें युनियन हाणून पाडलें, तिचा पुढारी दातो ओन हा अबू बकर याच्या मुख्य प्रधानाचा, जाफरचा, मुलगा होता. आणि त्याची राष्ट्रीय संघटना मे १९४६ मध्यें स्थापन झाली ती जोहोर बहरूच्या त्याच समुद्राभिमुख राजवाड्यांत. १९४८ मध्यें युनियन रद्द झालें व १९५७ मध्यें मलाया स्वतंत्र झाला.

मुलांनो, अबू बकर हा साधुपुरुष नव्हता, आणि त्याच्या सर्वच गोष्टी अनुकरणीय नाहींत. त्याच्या मेजवान्या कोणाच्या स्मरणांत राहिल्या नाहींत; दागिनेही राहिले नाहींत. राहिलें तें एक कलम. आणि राजवाड्यांत राहणाऱ्याच्या हातून सुटलेलें तें कलम पन्नास वर्षांनीं सामान्य प्रजेनें उचलून धरलें. त्याची विद्या त्याच्या एकट्यापाशींच राहिली असती, तर ती त्याच्याबरोबरच लंडनला संपली असती. ती त्यानें आपल्या कारभाऱ्यांत वांटली आणि कागदावर उतरवून ठेविली, म्हणून ती उरली. सिंगापूरच्या त्या लहानशा शाळेंत, स्वखर्चानें चार मुलांना शिकवीत बसलेल्या कीझबेरी यांना आपल्या कष्टांचें फळ कोठवर जाईल याची कल्पना तरी असेल काय? शिकविणाऱ्यानें आणि शिकणाऱ्यानें हिशेब न करितां आपलें काम करीत राहावें, हेंच या चरित्राचें सार आहे.